घासावरची फुंकर

निंबाळवाडी
९ फेब्रुवारी २०१९

सौ. छबुबाई,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. कय्युमच्या टेम्पोतून पाठवतेय. आपल्या दोन्ही गावांचं दूध तोच उचलतो, तेव्हा पत्र पोचायला अडचण नाही. वाचायचं की नाही ही तुमची मर्जी.

गीताला दवाखान्यातून सुट्टी मिळाली आणि तुम्ही तिला थेट घाटनांदूरला तुमच्या घरी नेलंत. लेक तुमची असली तरी सून आमची. निदान एक निरोप धाडायचा, असं मी मुंजाजीला म्हणाले. तर पोटचा पोर मला म्हणतो, "आई, तिचा जीव वाचवला त्या बाईनं. अन् तू निरोपाचं काय घेऊन बसलीस?" 

म्हणून आधी उपकाराचं लिहिते. अकरा दिवस तुम्ही अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तिच्या उशाशी बसलात. डॉक्टरीणबाई मुंजाजीला म्हणाल्या म्हणे, की हा फ्लूचा ताप बहुतेकांचा पाच-सात दिवसांत आपला आपण जातो, पण गरोदर बाईच्या तो छातीत उतरू शकतो. तिला पहिल्या दोन दिवसांत आणायला हवं होतं. नाकाला ऑक्सिजन लावलेला असताना तुम्ही तिला घोट घोट पाणी पाजलंत, कुशीवर वळवलंत, केसांचा गुंता सोडवलात, पोटावर हात ठेवून बाळ फिरतंय का ते बघत राहिलात. हे सगळं मुंजाजीनं सांगितलं. पहिला दिवस सोडला तर मला यायला जमलं नाही. म्हशींचं होतं, संस्थेचं होतं. चेअरमनबाई म्हटलं की लोकांना वाटतं खुर्चीवर बसायचं काम आहे.

तुमच्यावर माझा राग नाही असं मात्र लिहिणार नाही. ओटीभरणाच्या दिवशी माझी थोरली बहीण बायनाबाई दारात आली आणि तुम्ही आडव्या आलात. "मावशी, खोकला हाय तुमाला. आज आत येऊ नका, पोरगी दोन जिवाची हाय." सगळ्या बायकांसमोर! ती बिचारी खणनारळ ओट्यावर ठेवून आल्या पावली परत गेली. अहो, तिला तो खोकला वीस वर्षांपासून आहे. मिश्रीचा आहे, तापाचा नव्हे. आमच्या दारातून आमचंच माणूस तुम्ही परत पाठवलंत, तर मीही तुम्ही आणलेलं लुगडं तुमच्याच पिशवीत कोंबलं. फिटंफाट झाली.

लोक काहीबाही बोलतात. तुम्ही आशाताई, घरोघर तापाच्या माणसांत हिंडता, तेव्हा ताप तुम्हीच आणला म्हणतात. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मी लक्ष देत नाही, तुम्हीही देऊ नका.

गीताला म्हणावं, तिची कपिला गाय खाते-पिते आहे.

कौशल्याबाई
चेअरमन, महिला दूध संस्था


निंबाळवाडी
१७ फेब्रुवारी

छबुबाई,

उत्तर आलं नाही. कय्युमला खोदून विचारलं, हातात दिलंस ना? तो म्हणाला, "दिलं की काकू. वाचलं, घडी घातली, पिशवीत ठिवलं. म्हनल्या, बरं." त्या 'बरं'चा मी दोन दिवस कीस पाडला. हाती काही लागलं नाही.

आज कॅन चढवताना तो जे बोलला त्यासाठी पुन्हा लिहायला बसले. "काकू, घाटनांदूरमदी छबुबाईला लोकं उंबऱ्याच्या आत घेईना गेलेत. परवा एका तान्ह्या लेकराचं वजन करायला गेलत्या, तर सासूनं दार लावलं. म्हनली, सोताच्या लेकीला ताप देनारी बाई आमच्यात नको."

मी म्हणाले, "कावून? हे तिथवर नेलं कुणी?"

तो कॅनचं झाकण दाबत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या संस्थेच्या बाया माझ्याच टेम्पोतनं बाजारला जात्यात काकू. तुमी बोलला ते त्या बोलत्यात."

छबुबाई, मागच्या पत्रात मी लिहिलं की लोक बोलतात. बोलतातच. पण ते वाक्य पहिल्यांदा बोलले ती मी.

तुम्हाला आठवत असेलच, तरी माझ्या हातानं लिहिते. गीताला मंगळवारी ताप आला. ओटीभरण होऊन दोनच दिवस झाले होते. मी म्हटलं, दगदग झाली असेल. काढा दिला, गार वारं लागू नये म्हणून खिडक्या लावल्या, दोन गोधड्या घातल्या. ती म्हणत होती, "आईला फोन लावा." मी लावला नाही. लुगडं परत करून दोन दिवस झाले नाहीत आणि मी तुम्हाला फोन करायचा? बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी मी तिला विचारलं, चहा घेतेस का? तर तिला "नको" म्हणून पुढचं बोलता येईना. एका शब्दाला एक श्वास लागत होता. ओठ पार निळसर पडलेले.

मुंजाजी जनावरांसाठी उसाचं वाढं आणायला कारखान्याच्या पट्ट्यात गेलता. आमचे हे घरीच होते, पण लहान पोरासारखे घाबरलेले. तेवढ्यात दारावरून कय्युमचा टेम्पो चालला होता. मी गाडीला आडवी गेले. त्यानं काही विचारलं नाही. कॅन एका बाजूला सरकवले, गादी टाकली, आणि डेअरीला न जाता गाडी सरळ अंबाजोगाईला घातली. त्या दिवशी दोन गावांचं दूध उन्हात नासलं. दुष्काळात एकेक लिटर जपून ठेवणाऱ्या बाया, पण आजवर एकीनं विषय काढला नाही. त्यांचेही उपकार आहेत, कय्युमचेही. मी ते बोलून दाखवले नाहीत.

दवाखान्यात तुम्ही आमच्या आधी पोचला होता. कय्युमनं वाटेत फोन केला असणार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला ताप होता?" मी म्हणाले, "न्हाई बाई, कुनालाच न्हाई." आणि तुमच्याकडे बोट केलं. "ह्या हायत ना, ह्या तापाच्या घरांत फिरत्यात. ह्यांनीच आनला." आमच्या गावच्या दोन बाया बाकावर होत्या. तिथून ते घाटनांदूरला गेलं.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं आणि गीताच्या खाटेमागून आत गेलात. मला अजून ते बघणं दिसतं.

कौशल्याबाई


२६ फेब्रुवारी

विहीणबाई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितेय, आता फाडणार नाही, कारण कय्युमनं हॉर्न वाजवला आहे आणि त्याला मी पाच मिनिटं थांब म्हटलंय.

ताप माझ्यापासून आला.

ओटीभरणाच्या आदल्या दिवशी दुपारपासून माझं अंग मोडून आलं होतं. घसा धरला, थंडी वाजली, डोळ्यांतून पाणी. मला कळत नव्हतं असं नाही. पण आठ दिवस टँकरचं पाणी पिंपात साठवून ठेवलं होतं, स्वयंपाकाला म्हणून. स्वतः दोन हंड्यांत दिवस काढले होते. गावभर बोलावणी गेली होती. पुढं ढकलायचं तर पाणी पुन्हा कुठून आणायचं? आणि खरं सांगायचं तर पाण्याचं कारण निम्मंच. चेअरमनबाईच्या सुनेचं ओटीभरण, आणि चेअरमनबाईच अंथरुणात? ते मला सोसलं नसतं. दुकानातून तापाची गोळी आणली, घेतली, आणि कपाळाला ठसठशीत कुंकू लावून उभी राहिले.

तुम्ही सकाळीच आलात. अंगणात बाटली टांगलीत. प्लास्टिकची, टोपणाला भोकं पाडलेली. मी सगळ्यांसमोर हसले. "आमच्याकडं टँकर आठ दिसाला येतो इहीनबाई, हात धुवायला पानी न्हाई." तुम्ही म्हणालात, "म्हनूनच आनली. ह्या एका बाटलीत पंचवीस जनींचे हात धुतेत." नंतर ती बाटली मी सोडून तुळशीमागे फेकली.

त्याआधी डिसेंबरात तुम्ही दोनदा म्हणाला होता, की गरोदर बायांना फ्लूची लस देतात, गीताला घेऊन चला. मी म्हणाले, ओटीभरण होऊ द्या, मग बघू. पोटातल्या लेकराला सुई कशाला, असंही म्हणाले. ते लिहायचं राहू नये.

मग पाच जणींनी घास भरवायची वेळ आली. पहिला मान सासूचा. पुरणपोळी तव्यावरची, वाफाळणारी. मी घास मोडला, तुपात बुडवला. चटका बसेल पोरीला म्हणून त्यावर फुंकर मारली. एकदा नाही, दोनदा. मग तिच्या तोंडात घातला.

त्या फुंकरीत माया होती छबुबाई, हे देवाशपथ सांगते. आणि तापही होता.

बायनाबाईला तुम्ही दारातून परत पाठवलंत. तिच्या खोकल्यात काहीच नव्हतं. ज्या बाईत होतं ती आत मानाच्या पाटाशेजारी उभी होती.

पुढचे चार दिवस मी उभ्यानं काम केलं आणि कुणी नसलं की आडवी झाले. गीताचं कपाळ चेपत होते तेव्हा माझं स्वतःचं ठणकत होतं. तिला दवाखान्यात घातलं आणि घरी येऊन जी पडले ती आठवडाभर उठले नाही. मागे म्हशींचं लिहिलं ते खोटं. धारा शेजारणींनी काढल्या.

माझा ताप गेला, मला काही झालं नाही. सगळं तिनं भोगलं आणि बोल तुम्ही सोसलात. हे मी एका पत्रात लिहून मोकळी होणार नाही. जिथे बोलले तिथेच ते परत घ्यायला पाहिजे. हिंमत जमवतेय.

कय्युमनं दुसरा हॉर्न दिला.

कौशल्याबाई


८ मार्च

विहीणबाई,

आज संस्थेची सभा झाली. महिला दिन म्हणून सगळ्या नव्या साड्या नेसून आल्या होत्या. मुद्दाम घाटनांदूरच्या संस्थेतल्याही बाया बोलावल्या होत्या. त्यांना वाटलं चेअरमनबाई भाषण करणार, फेटे बांधणार.

मी उभी राहिले आणि तुम्हाला लिहिलं ते सगळं बोलले. गोळी घेतलेली, बाटली फेकलेली, फुंकर, दवाखान्यात केलेलं बोट. बोलताना एकदाच आवाज गेला, तोही फुंकरीपाशी. मग तुमच्याकडच्या हजराबी उठल्या. फळांचा गाडा लावतात त्या. म्हणाल्या, "चेअरमनबाई, तुमी बोलल्या ते चांगलंच केलं. पन त्या बाईनं महिनाभर बंद दारं बघितली. माझं दार बी त्यात होतं. आपल्याला सगळ्यांनाच जावं लागंल तिच्याकडं."

मी राजीनामा लिहून नेला होता. तो आमच्या वच्छलाबाईनं वाचला आणि फाडला. म्हणाली, "पळून कुठं चाललीस? बस खाली अन् आता काय करायचं ते सांग." तीच वच्छलाबाई जी गेल्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभी होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग ठरलं ते असं. डेअरीवर रांजणाला साखळीनं बांधलेला एक पेला होता, सगळं गाव त्याच पेल्यानं पाणी पितं. तो मीच बांधला होता, चोरीला जातो म्हणून. आज सोडला. ज्यानं त्यानं आपला पेला आणायचा. ज्या बाईला ताप-खोकला असेल तिनं डेअरीवर यायचं नाही. पण घरी बसली तर दूध कोण घालणार, म्हणून आजारी बाया तशाच येतात, अंगावर काढतात. त्यावर तोडगा काढला. तिचं दूध शेजारणीनं आणायचं, मापही तिच्याच नावावर. हे बोलले तेव्हा जी कुजबूज झाली त्यावरून कळलं, की आजवर कितीजणी ताप घेऊन रांगेत उभ्या राहिल्या असतील.

आणि तुळशीमागची बाटली. ती अजून तिथंच होती, मातीनं भरलेली. घासून धुतली. डेअरीच्या दाराला टांगली, खाली घमेलं ठेवलं, त्यात पडेल ते पाणी तुळशीला. पहिल्यांदा हात मी धुतले. खरंच, एका बाटलीत पंचवीस जणींचे होतात. मी मोजले, सव्वीस झाले.

विहीणबाई, मला माफ करा असं मी लिहिणार नाही. ते मागून मिळायचं नसतं. एवढंच लिहिते की तुमच्यामुळे माझं घर उभं आहे. गीताला वाचवलंत, तिच्या पोटातल्याला वाचवलंत, आणि मी बोट केलं तेव्हा उलट बोलला नाहीत म्हणून मलाही वाचवलंत. देवापुढे हात जोडते तसे जोडते. हे मी आयुष्यात फार जणांना लिहिलेलं नाही.

तुमची,
कौशल्या


घाटनांदूर, स्टँडजवळ
१५ एप्रिल

विहीणबाई,

घाटनांदूर असं वर लिहिलंय ते चुकून नाही. मी तुमच्या गावात आहे. तुमच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे, कय्युमच्या टेम्पोत बसून मांडीवर कागद ठेवून लिहितेय.

नात झाल्याचा फोन गीतानं केला तेव्हा मी धार काढत होते. चरवी सांडली. बाळ अंगानं बरंय, रडणं खणखणीत आहे म्हणाली. मग म्हणाली, "बारशाला या. आई काय म्हणत नाही, पण मी म्हणते, या." तुम्ही काय म्हणत नाही, म्हणजे काय समजायचं ते मला कळेना. तरी निघाले. बाळंतविडा शिवला, डिंकाचे लाडू केले. तुम्ही आणलेलं आणि मी परत केलेलं ते लुगडं, त्याच्या तोडीचं एक तुमच्यासाठी घेतलं.

हजराबी मघाशी भेटल्या. म्हणाल्या, सगळ्यांची दारं उघडली, आता छबुबाईलाच सवड नाही. ऐकून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

पण सकाळपासून माझा घसा खवखवतोय. इथं पोचेपर्यंत दोन शिंका आल्या. ताप नाही. धुळीचंही असेल, हे दिवसच धुळीचे आहेत. जानेवारीतली कौशल्याबाई असती तर एक गोळी घेऊन, कुंकू लावून, कधीच पाळण्याशी उभी राहिली असती. बारा दिवसांचं लेकरू आहे. पाळण्याची दोरी धरायचा पहिला मान आजीचा, तोही पुन्हा माझाच.

मी परत चाललेय. विडा, लाडू आणि लुगडं कय्युमकडे दिलंय. लाडू मी चार दिवसांपूर्वी केले, तेव्हा बरी होते, ते खुशाल खा. कपडे मात्र धुऊन उन्हात घालून मग बाळाला घाला. दोरी तुम्ही धरा. नाव मोठ्यानं घ्या, मला ऐकू येणार नाही, पण घ्या.

तिला बघायचा जीव किती होतोय हे लिहीत नाही, नाहीतर उतरेन.

कौशल्या


घाटनांदूर
१५ एप्रिल

कौशल्याबाई,

कय्युमला दारातच थांबवून घेतलंय, त्यामुळं थोडक्यात लिहिते. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. पत्रं सगळी वाचली. जपून ठेवली आहेत.

एक गोष्ट मीही लपवली. ओटीभरणाला तुम्ही मला कुंकू लावलं तेव्हा तुमचं बोट कपाळाला लागलं. चटका बसला. दहा वर्षं लोकांच्या कपाळाला हात लावतेय, मला कळलं. बायनाबाईंना मी अडवलं, पण मुलाची आई, घरची मालकीण, तिला चारचौघींत कसं म्हणायचं, की तुम्ही घास भरवू नका? मुलीची आई म्हणून जीभ उचलली नाही. बघत उभी राहिले. दवाखान्यात तुम्ही बोट केलंत तेव्हा म्हणूनच गप्प बसले. तेवढं माझंही चुकलं होतं.

आज तुम्ही दोन गल्ल्यांवरून परत फिरलात. ते मला तेव्हा जमलं नाही.

बारसं केलेलं नाही. बायकांना गूळखोबरं दिलं आणि सांगितलं, आजी आजारी आहे, पुढल्या आठवड्यात. गीतानं पाळणा सोडून ठेवलाय. घरी गेल्यावर आराम करा, पाणी पीत राहा, ताप आला तर अंगावर काढू नका, आणि दम लागला तर कुठलीही सभा असू द्या, लगेच दवाखाना गाठा. अंग पूर्ण बरं झालं, खोकला थांबला, की मग या. तोवर कय्युमच्या हाती रोज निरोप द्या. आता फोनही उचलीन.

दोरी तुमच्यासाठी ठेवलीय. आल्यावर अंगणात बाटली टांगलेली आहे, हात धुऊन आत या. पुरणपोळी मी करणार आहे. गीताला घास तुम्हीच भरवा, पण थोडा वेळ थांबून. आपोआप निवतो तो. फुंकर मारू नका.

तुमची विहीण,
छबु